हापशाचा दांडा पूर्ण वर येऊ द्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात तो मेसेज पुन्हा आला. 'घरी एकटे असताना हार्ट अ‍ॅटॅक आला तर जोरजोरात खोका, जीव वाचेल.' खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि दहा जणांना पाठवण्याची विनंती. हा मेसेज मी कित्येक वर्षं पाहतोय आणि गप्प बसतोय. पण तळमजल्यावरच्या काकांनी त्यावर 'अत्यंत उपयुक्त' असं लिहिलं, तेव्हा राहवलं नाही.

पहिला घोळ शब्दांचा आहे. हार्ट अ‍ॅटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी नळी तुंबणं. माणूस शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणतो. त्याला लागतो १०८ चा फोन आणि रुग्णालय. खोकण्यात वेळ घालवणं नव्हे. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचा पंपच बंद पडणं. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं, पण दोन्ही एक नव्हेत. अरेस्टमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि १०-१५ सेकंदांत शुद्ध हरपते. आता बेशुद्ध माणूस खोकणार कसा?

गंमत म्हणजे या अफवेच्या बुडाशी एक खरा प्रयोग आहे. १९७६ मध्ये डॉ. क्रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँजिओग्राफीच्या टेबलावर असतानाच हृदयाची लय बिघडलेल्या काही रुग्णांना लगेच, दर एक ते तीन सेकंदांनी खोकायला सांगितलं. ते रुग्ण अर्धा मिनिटभर शुद्धीत राहिले, तोवर डॉक्टरांनी विजेचा शॉक दिला. समोर ईसीजी चालू, शेजारी शॉकचं यंत्र तयार. आपल्या दिवाणखान्यात यातलं काय असतं? पण त्या प्रयोगातून एक मोठी गोष्ट कळली: हृदय स्वतः आकुंचन पावत नसतानाही छातीतला दाब वरखाली केला तर रक्त पुढे सरकतं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती हातांनी लयीत दाबत राहणं, उभा आहे तो अशाच दाबाच्या खेळावर.

हा खेळ सापडला तोही अपघाताने. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गाय निकरबॉकर हा तरुण अभियंता कुत्र्यांवर शॉकच्या यंत्राचे प्रयोग करत होता. यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर नुसत्या दाबून धरल्या, तरी मांडीच्या धमनीतला रक्तदाब थोडा वर जातो, हे त्याच्या लक्षात आलं. तोपर्यंत हृदय बंद पडलं की छाती फाडून हाताने हृदय चोळायचं, हाच मुख्य उपाय होता. १९६० मध्ये निकरबॉकर आणि त्याचे सहकारी कोवेनहोवेन व ज्यूड यांनी छाती दाबून उपचार केलेल्या २० रुग्णांची हकिगत छापली. त्यातले १४ वाचले होते. बहुतेक रुग्ण रुग्णालयातच कोसळलेले, म्हणून आकडा एवढा मोठा. रस्त्यावर किंवा घरात कोसळलेल्यांपैकी वाचणाऱ्यांचं प्रमाण आजही अमेरिकेत दहात साधारण एक असंच आहे. मालिकांमध्ये चार दाबांत माणूस उठून बसतो, तसं नसतं.

आता माझा आवडता भाग. जरा किचकट आहे, पण गावाकडचा हापसा डोळ्यांसमोर ठेवलात तर जमेल.

वायसर झिजलेला जुना हापसा आठवा. पहिले पाच-सात हापसे कोरडेच जातात. पाणी पाइपातून हळूहळू वर चढत असतं, तोटीला मात्र थेंब नसतो. मग एकदा धार लागली की लागली. तुम्ही मध्येच कुणाशी बोलायला थांबलात तर पाणी परत खाली उतरतं आणि पुन्हा ते कोरडे हापसे. छाती दाबताना अगदी हेच होतं. हृदय थांबलं की धमन्यांतलं रक्त शिरांकडे निसटत जातं आणि दोन्हीकडचा दाब सारखा होऊ लागतो. दाबातला फरक संपला की प्रवाह संपला. आपण छाती दाबू लागतो तेव्हा महाधमनीतला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीतला, दाब एका फटक्यात नाही, एकेका दाबाबरोबर चढत जातो. हात काढला की काही सेकंदांत कोसळतो. म्हणून 'जरा नाडी बघू, जरा पाणी शिंपडू' असं करत दर वीस सेकंदांनी थांबणारा माणूस दमतो खूप, पण धार लागूच देत नाही.

यात आणखी एक खोच आहे, आणि ती मला फार आवडते. हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं, पण स्वतःच्या स्नायूला ते मुख्यतः सैलावताना मिळतं. कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःच्याच नळ्या चिमटीत पकडतो. त्या नळ्या महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या जरा वर सुरू होतात आणि त्यांतलं रक्त शेवटी उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, येतं. म्हणजे छाती सैल असताना महाधमनीतला दाब वजा उजव्या कर्णिकेतला दाब, एवढाच हृदयाच्या वाटचा घास. हा फरक पाऱ्याच्या साधारण १५ मिलिमीटरच्या खाली राहिला तर हृदय पुन्हा सुरू होण्याची आशा फार थोडी असते. नेहमीचा रक्तदाब १२० आणि ८० चा असतो हे लक्षात घेतलं, की हे १५ किती तुटपुंजे आहेत ते कळेल.

म्हणजे दाबताना मेंदूला रक्त जातं आणि सोडताना हृदयाला. दमलेला माणूस काय करतो? वजन टाकून छातीवर रेलून राहतो. हात पूर्ण वर येत नाही, छाती फुलत नाही, शिरांतलं रक्त आत ओढलं जात नाही, कर्णिकेतला दाब चढा राहतो आणि ते १५ मिलिमीटर हातचे जातात. हापशाचा दांडा अर्ध्यावरूनच परत खाली नेला तर पाणी येतं का? प्रशिक्षणातल्या पुतळ्यावर मी पहिल्यांदा हात चालवला तेव्हा खोली बरोबर होती, शिक्षिका मात्र माझा खांदा मागे ओढून म्हणत होत्या, "सोडा, सोडा, पूर्ण सोडा."

उत्तम सीपीआरनेही नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच रक्तप्रवाह मिळतो. पण मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के असून २० टक्के प्राणवायू खातो आणि चार-सहा मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात. तेव्हा पाव पोळीही चालते. पुढे शॉक लागू पडायचा तर स्नायूत थोडी ऊर्जा शिल्लक हवी, तीही हाच तुटपुंजा प्रवाह पुरवतो. एक खुलासा: शॉक थांबलेलं हृदय सुरू करत नाही. तो थरथरणाऱ्या हृदयाचा गोंधळ क्षणभर थांबवतो, मग हृदय आपली लय आपण पकडतं. पडद्यावर सरळ रेघ आल्यावर शॉक देणारे मालिकेतले डॉक्टर काय करतात, ते त्यांनाच ठाऊक.

बरं, प्रत्यक्षात काय करायचं? खांद्यावर थापटून जोरात हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा मासा पाण्याबाहेर करतो तशी अधूनमधून धाप लागतेय, तर तो अरेस्ट समजा. ही धाप फसवी असते. 'अहो, श्वास चाललाय की!' म्हणत लोक थांबतात आणि मिनिटं जातात. १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो, बरगडी जुळते. बाई असेल तर लोक हात लावायला कचरतात. कचरू नका. तोंडाने श्वास द्यायची किळस किंवा भीती असेल तर तो सोडा. सामान्य माणसाने फक्त छाती दाबावी, असंच २०१७ च्या भारतीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण अचानक कोसळलेल्याच्या रक्तात पहिली काही मिनिटं प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्यांचं आणि लहान मुलांचं वेगळं. तिथे प्राणवायूच आधी संपलेला असतो, म्हणून श्वास हवाच.

कांदा हुंगवणं, चपलेचा वास देणं, तळवे चोळणं यातलं काही करू नका. फिट आलेल्याला चप्पल हुंगवली की तो शुद्धीवर येतो, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, श्रेय चपलेला जातं. फिटवाल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी तर मुळीच नको, ते सरळ श्वासनलिकेत जातं.

मोजण्याबद्दल एक मराठी अडचण. तीसपर्यंत मोजायला गेलात तर 'एकोणीस', 'सव्वीस', 'एकोणतीस' जिभेवर लांबतात आणि ताल ढिला पडतो. एक ते दहा तीनदा म्हणा, ताल राहतो. दोन मिनिटांनी दुसऱ्याला बसवा, कारण थकवा जाणवण्याच्या आधीच दाब उथळ झालेला असतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी वाचलं आणि लगेच विचारलं, "आणि माणूस पलंगावर असेल तर?"

गादीवर दाबलं तर गादी दबते, छाती नाही. चादरीसकट खाली ओढून घ्यायचं, फरशीवर.