मोवरच्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय? ग्रीस भरण्याआधी हे वाचा

"खालून तेल गळतंय, ग्रीस भरलं तर चालेल का?" हा फोन आम्हाला सीझनमध्ये जवळपास रोज येतो, आणि बरेच जण तर विचारायच्या आधीच भरून मोकळे झालेले असतात, म्हणून आता सरळ कागदावर लिहून देतोय. नाही चालत. ट्रॅक्टरमागच्या रोटरी मोवरचा, म्हणजे कुणी स्लॅशर म्हणतं त्याचा, गिअरबॉक्स ग्रीसवर चालायला बनवलेलाच नसतो.

ग्रीस का भरतात ते आम्हाला कळतं. काम अर्ध्यावर असतं, गवत उभं असतं, तेल टाकलं की दोन दिवसांत खाली ठिपके, आणि ग्रीस घट्ट असल्यामुळे गळत नाही. पण गळत नाही म्हणजे आत काम करतंय असं नाही. तेलाचं काम असं चालतं की क्राउनचा, म्हणजे मोठ्या गिअरचा, खालचा भाग तेलात बुडालेला असतो, तो फिरताना तेल वर उडवतो, ते पिनियनवर, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या गिअरवर, आणि वरच्या बेअरिंगवर पडतं आणि भिंतीवरून ओघळून परत खाली येतं. ही ये-जा चालू असते म्हणून दात ओले राहतात आणि दातांची उष्णता बॉडीपर्यंत येऊन बाहेर जाते. ग्रीसला ओघळता येत नाही. दात पहिल्या काही फेऱ्यांत ते कापून बाजूला फेकतात, ते भिंतीला चिकटून बसतं आणि परत येतच नाही.

असा बॉक्स उघडला की आत काय दिसतं ते एकदा दुकानात येऊन बघाच. कडेला चारी बाजूंनी ग्रीसचा जाड थर, नवं असल्यासारखं, आणि मधे गिअरच्या मापाचा स्वच्छ बोगदा. त्या बोगद्यात क्राउन-पिनियन कोरडे, दातांवर निळसर झाक आलेली म्हणजे तापून रंग बदललेला, आणि वरच्या बेअरिंगचे रोलर हाताने फिरवले तर कुरकुर लागते. बाहेरून मात्र बॉक्स एकदम कोरडा, एक थेंब गळत नाही, म्हणून मालक खूश असतो आणि आवाज येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

आमचा वेळही इथेच जातो. तेलाचा बॉक्स ड्रेन करून धुवायला थोडाच वेळ लागतो, ग्रीसवाला पूर्ण सुटा करून पट्टीने खरवडावा लागतो, बेअरिंग काढून डिझेलमध्ये भिजत ठेवावी लागतात, नाहीतर राहिलेलं ग्रीस नव्या तेलात मिसळून गोळे होतात. म्हणून ग्रीस भरलेल्या बॉक्सची सफाईची मजुरी आम्ही वेगळी लावतो आणि पार्ट बघितल्याशिवाय तारीख देत नाही. यावर काही जण नाराज होतात, पण ते काम घाईत केलं तर तोच बॉक्स महिन्याभरात परत येतो, आणि तसं काम आम्हाला द्यायचं नाही. एकच अपवाद आहे, काही कंपन्या त्यांच्या पुस्तकात पातळ वाहतं ग्रीस, डबल झिरो नंबरचं, वापरायला सांगतात. तुमच्या मोवरच्या पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं असेल तर जरूर वापरा. ग्रीस गनमध्ये असतं ते हे नाही. गनचं ग्रीस पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मोवरला देणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसला, टेल व्हीलला, जिथे निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) आहे तिथे.

आता गळती कुठून येते ते. खालच्या सीलमधून, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी रिंगमधून, येत असेल तर आधी मोवरच्या खाली बघा. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि मोवर नुसत्या हायड्रॉलिकवर उचलून खाली हात घालू नका, भक्कम लाकडी ठोकळे लावा, हे दर वेळी, घाईत असलात तरी. ब्लेडच्या वरच्या बाजूला, शाफ्ट जिथून बॉक्समधून बाहेर येतो तिथे दोरी, तार, ठिबकची नळी, लांब चिवट गवत गुंडाळलेलं असतं. पीटीओ ५४० फेऱ्यांवर चालतो आणि दीडपट रेशोचा बॉक्स असेल तर खालचा शाफ्ट मिनिटाला ८१० फेरे घेतो, त्या वेगाने ती दोरी सीलला घासत वर सरकते, प्लास्टिक असेल तर वितळून काळी कडक रिंग होते जी बघून बऱ्याच जणांना तो पार्टच वाटतो. ती धारदार सुरीने कापून काढा, पण सीलच्या ओठाला सुरी लागू देऊ नका. रानात दोऱ्या-तारा असतील तर हे रोज काम संपल्यावर बघायचं, दोन मिनिटं लागतात, आणि आमच्याकडे येणारी कितीतरी सील यामुळेच गेलेली असतात.

दोरी नसेल तर ब्रीदर बघा. वरच्या प्लगला बारीक भोक असतं, बॉक्स तापला की आतली हवा तिथून निघते. ते माती-गवताने किंवा रंग मारताना बुजलं की हवेला दुसरी वाट नाही, ती सीलमधून तेल ढकलते. ब्रीदर हरवला म्हणून साधा बोल्ट ठोकलेले बॉक्सही येतात, त्यात सील कितीही नवीन टाका, गळणारच. आणि धुताना प्रेशर वॉशरचा फवारा ब्रीदरवर किंवा सीलवर सरळ मारू नका, पाणी आत जातं.

तिसरं कारण जास्त तेल. वरच्या तोंडापर्यंत भरायचं नसतं, बाजूला लेव्हल प्लग असतो तिथपर्यंतच. मोवर सपाट जमिनीवर टेकलेलं, बॉक्स थंड, थोडा वेळ थांबून मगच बघायचं, लिंकवर उचललेल्या तिरक्या मोवरची लेव्हल खोटी दिसते. जास्त तेल घुसळून फेस होतो, फेसाने दात नीट ओले होत नाहीत, बॉक्स तापतो आणि परत सीलवर ताण. तेल गिअरचंच, ईपी ८०डब्ल्यू-९०, लोक ज्याला नव्वद नंबर म्हणतात ते, पुस्तकात वेगळा नंबर असेल तर तो. इंजिनमधून काढलेलं काळं तेल गाळून टाकू नका. नव्या बॉक्सचं पहिलं तेल साधारण ५० तासांनी बदलून घ्या, त्यात सुरुवातीची झीज उतरलेली असते, पुढे वर्षातून एकदा तरी. गरम असताना काढा म्हणजे तळाचा गाळ पण येतो. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. बोटावर बारीक चमक चालते, पण चिमटीत धरता येईल असा तुकडा निघाला तर मोवर तिथेच थांबवा.

"फक्त सील बदलून द्या, बाकी काही नको" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. सील आम्ही लगेच बदलू शकतो, पण आधी शाफ्टवर नख फिरवून बघतो. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नख अडकतं, आणि त्या खाचेवर नवं सील टिकत नाही, शाफ्टवर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) बसवावी लागते किंवा सील थोडं पुढे-मागे बसवावं लागतं. मग ब्लेडची बैठक धरून वर-खाली हलवतो, प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बेअरिंग गेलंय, शाफ्ट डुलतोय, सील बिचारं काय करणार. एक ब्लेड मोडलं म्हणून एकच नवीन टाकलं तरी वजन फरकाने हेच होतं, ब्लेड जोडीनेच बदला.

पुढचं, पीटीओकडचं सील वारंवार जात असेल तर बॉक्सला दोष देऊ नका, शाफ्ट लांब आहे का बघा. मोवर उचलताना शाफ्टच्या दोन नळ्या पूर्ण आत जाऊन टेकल्या की सगळा धक्का पिनियनच्या बेअरिंगवर. शिअर बोल्ट तुटतो म्हणून त्याजागी हाय टेन्साइल, म्हणजे जास्त मजबूत बोल्ट, टाकू नका, धक्का बसला की आधी तो तुटावा म्हणूनच दिलाय, नाहीतर दगडावर गिअरचे दात तुटतात. स्लिप क्लच (जास्त भार आला की घसरणारा क्लच) असेल आणि मोवर पावसाळाभर उभं होतं तर प्लेटा गंजून धरतात, स्प्रिंग सैल करून एकदा घसरवून परत मापाने आवळा, जमत नसेल तर आम्ही करून देतो.

नेहमीच्या मापांची सील, ब्रीदर प्लग आणि तेल आमच्याकडे ठेवलेलं असतं, सीझन सुरू व्हायच्या आधी आणलंत तर काम आरामात होतं आणि आम्ही रिपेअर केलेला प्रत्येक बॉक्स अर्धा तास चालवून, हात लावून बघूनच देतो. आणताना पीटीओ शाफ्ट सोबत आणा. बॉक्स धुऊन, तेल काढून आणू नका, आहे तसंच आणा, आम्ही सगळ्यात आधी आतलं तेलच बघतो.