घोडी भरवली, मग पंधराव्या दिवशी परत कशाला आणायची?

भरवलेली घोडी पंधराव्या दिवशी सोनोग्राफीसाठी परत आणा, असं आम्ही आमच्या भरवणी केंद्रात सांगतो. त्यावर हा प्रश्न आम्हाला हंगामात जवळजवळ रोज ऐकावा लागतो, आणि तो चुकीचा नाही. गाय-म्हैस भरवली की दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर हात घालून बघतात आणि गाभण आहे की नाही ते सांगतात. मग घोडीसाठीच पिकअपचं भाडं भरून, मोतद्दाराला सोबत घेऊन पंधरा दिवसांत दुसरी खेप का करायची? सावकाश दोन महिन्यांनी आणली तर काय बिघडतं?

मुख्य कारण जुळं. गाईला जुळं झालं तर बहुतेक वेळा निभावतं, घोडीला निभावत नाही. घोडीच्या वारेला गर्भाशयाची सगळी आतली बाजू लागते, तेव्हा कुठे एका शिंगराचं पोषण पुरं पडतं. दोघांत ती जागा वाटली गेली की दोघंही उपाशी राहतात. अशा बहुतेक घोड्या सातव्या ते नवव्या महिन्यात गाभडतात.

घोडीचा गर्भ सुरुवातीला एका जागी थांबत नाही. साधारण सोळाव्या दिवसापर्यंत तो गर्भाशयात इकडून तिकडे फिरत असतो, मग एका ठिकाणी रुजतो. चौदा-पंधराव्या दिवशी सोनोग्राफीच्या पडद्यावर तो काळ्या गोल ठिपक्यासारखा दिसतो, जेमतेम दोन सेंटिमीटरचा. दोन ठिपके दिसले तर ते एकमेकांपासून लांब असेपर्यंत त्यातला एक हळूच बाजूला घेऊन दाबून फोडता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दुसरा गर्भ बहुतेक वेळा टिकतो. सोळाव्या-सतराव्या दिवसानंतर दोघं बहुधा शेजारी शेजारी रुजतात. मग एकाला हात लावला की दुसऱ्यालाही धक्का बसतो.

त्याहूनही उशीर झाला तर नुकसान दुप्पट. पस्तीस-चाळीस दिवसांच्या सुमारास गर्भाशयात काही खास पेशी तयार होतात आणि संप्रेरक सोडू लागतात. त्यानंतर गर्भ गेला तरी घोडीच्या शरीराला ती गाभणच वाटते. तीन-चार महिने ती धड माजावर येत नाही. म्हणजे शिंगरूही नाही आणि हंगामही गेला.

गेल्या वर्षी एक मारवाडी घोडी आमच्याकडे साठाव्या दिवशी आली. मालकांनी पेढे सोबतच आणले होते. पडद्यावर दोन गर्भ होते, दोन्हींचे ठोके चालू. आठव्या महिन्यात एका पहाटे ते दोन्ही पागेत मेलेले सापडले. ते मालक आजही आमच्याकडेच येतात, पण त्या दिवशी आम्हाला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचलं नव्हतं. हे पत्रक छापायचं तेव्हाच ठरलं.

दुसरं कारण साधं आहे. घोडी राहिली नसेल तर ते पंधराव्या दिवशीच कळतं. तिचं चक्र एकवीस-बावीस दिवसांचं, त्यामुळे पुढचं अंडं सुटायच्या आधी तयारी करायला जवळजवळ आठवडा हाताशी राहतो.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मोजण्यात. पंधरावा दिवस अंडं सुटल्यापासून मोजायचा, घोडा लावल्यापासून नाही. घोडी पाच ते सात दिवस माजावर असते आणि अंडं सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. घरी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी घोडा लावला असेल तर कुठली तारीख धरायची? म्हणून आमचा आग्रह असतो की घोडी शेपूट उचलायला लागली, घोड्याजवळ उभी राहून थोडं थोडं मुतायला लागली, की लगेच फोन करा. आम्ही एक दिवसाआड सोनोग्राफी करतो. फोलिकल, म्हणजे अंडं असलेली पाण्याची पिशवी, ३५ मिलिमीटरच्या वर गेलं की अंडं सुटायचं इंजेक्शन देतो आणि वेळ साधून भरवतो. अंडं सुटल्याची खात्री झाली की तारीख तुमच्या कार्डावर लाल शाईने लिहितो. त्या लाल तारखेपासून मोजा. दोन अंडी वेगवेगळ्या दिवशी सुटलेली दिसली तर आम्ही तुम्हाला आणखी दोन दिवसांनी पुन्हा बोलावतो, कारण धाकटा गर्भ पहिल्या तपासणीत निसटू शकतो.

या सोनोग्राफ्यांमुळे आमचं बिल जड वाटतं, हे आम्हाला माहीत आहे. पण त्यांचा आणखी एक उपयोग होतो. वयस्क घोड्यांच्या गर्भाशयात पाण्याच्या गाठी असतात, आणि त्या हुबेहूब गर्भासारख्या दिसतात. आधीचा फोटो आमच्याकडे असेल तर गाठ कुठली आणि गर्भ कुठला हे ठामपणे सांगता येतं. नसेल तर अंदाज करावा लागतो, आणि तुमच्या घोडीवर अंदाज चालवणं आम्हाला पटत नाही. पूर्ण भरवणीच्या दरात पंधराव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची तपासणी धरलेली आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोके दिसतात. ते मालकांनी स्वतः पडद्यावर बघावेत, म्हणून आम्ही त्यांना आत बोलावतो. एकाच गावात तीन घोड्या असतील तर मशीन घेऊन आम्हीच येतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना स्टड बुकच्या, म्हणजे वंशनोंदणीच्या, नियमाने नैसर्गिक भरवणीच लागते, त्यांच्यासाठी नुसत्या तपासणीचा दर वेगळा आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणणाऱ्यांना एक सांगणं. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असतो. तेव्हा काही घोड्या पंधरा-पंधरा दिवस माजावर दिसतात, पण अंडं सुटत नाही. रोज घोडा लावून दोघांना दमवू नका, आधी एकदा दाखवून घ्या.

राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर शाखेत २०२३ साली भ्रूण प्रत्यारोपणातून, म्हणजे एका घोडीचा गर्भ दुसरीच्या पोटात वाढवून, मारवाडी शिंगरू जन्मलं, तेव्हापासून त्याचीही चौकशी होते. तिथेही सगळा खेळ अंडं सुटल्याच्या तारखेवरच असतो. ज्यांची कार्डं नीट भरलेली आहेत, त्यांच्याशी आम्ही त्याबद्दल आनंदाने बोलू.

येताना कार्ड आणि ग्लँडर्सच्या (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) तपासणीचा अहवाल आणा. अहवालाशिवाय घोडी आवारात घेता येत नाही, कारण आत दुसऱ्यांच्या गाभण घोड्या बांधलेल्या असतात. घोडीच्या ओळखीचा माणूस सोबत असू द्या. सोनोग्राफी गुदाशयातून करावी लागते. त्याची भिंत पातळ असते, तपासताना घोडी उसळली तर इजा होते. म्हणून कितीही गरीब घोडी असली तरी आम्ही तिला खोड्यातच घेतो. अंगावर पिणारं शिंगरू असेल तर तेही आणा. खोड्यासमोर त्याच्यासाठी जागा केली आहे, ते नजरेसमोर असलं की आई शांत उभी राहते.