घरातलं मांजर बाहेर निसटलं तर आधी हे वाचा

आमच्याकडे बोर्डिंगला मांजर ठेवणाऱ्या किंवा आम्हाला घरी येऊन सांभाळायला सांगणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक देतो. फ्रीजवर चिकटवून ठेवा नाहीतर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण वेळ येते तेव्हा डोकं चालत नाही, हातपाय गळून जातात आणि माणूस नेमकं नको तेच करत बसतो. यात फक्त फ्लॅटमध्ये वाढलेल्या, जिना सुद्धा न बघितलेल्या मांजराबद्दल लिहिलंय. रोज बाहेर हिंडून येणाऱ्या बोक्यांचं गणित वेगळं असतं.

तर पहिली गोष्ट. तुमचं मांजर बहुतेक लांब गेलेलं नाहीये. ते तुमच्याच बिल्डिंगमध्ये किंवा शेजारच्या कंपाउंडमध्ये कुठेतरी अंग चोरून बसलंय आणि तुमची हाक त्याला ऐकू येतेय, पण ते ओ देणार नाही.

हे आम्ही फार वाईट अनुभवातून शिकलोय, म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी पुण्यात कोथरूडमधल्या एका चार मजली सोसायटीत आम्ही एक मांजरी सांभाळत होतो, घरचे बेंगळुरूला गेलेले. सिलिंडर आला, दार अर्धा मिनिट उघडं राहिलं आणि ती गेली. चूक आमचीच, सिलिंडर आत घ्यायच्या आधी तिला बेडरूममध्ये बंद करायला हवं होतं. पहिले दोन दिवस आम्ही स्कूटरवरून पार पौड रोडपर्यंत हाका मारत फिरलो, ग्रुपवर फोटो टाकले, ते शेकडो लोकांनी पुढे पाठवले, कुठे वारज्यातून फोन आला कुठे औंधातून, प्रत्येक वेळी धावत गेलो आणि प्रत्येक वेळी दुसरंच मांजर. पाचव्या रात्री तीनच्या सुमाराला ती सापडली, त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, जिन्याखाली ठेवलेल्या एका मोडक्या कूलरच्या मागे. त्या जिन्यावरून आम्ही दिवसातून वीस वेळा वर खाली करत होतो, तिचं नाव घेत. ती सगळं ऐकत होती बिचारी.

असं का होतं तर मांजर शिकारी आहे तसं ते दुसऱ्याची शिकारही आहे, कुत्र्यांची वगैरे. ओळखीचा वास नाही, ओळखीची जमीन नाही, अशा ठिकाणी आवाज केला की आपण सापडलो, हे त्याला शिकवावं लागत नाही. म्हणून ते गप्प बसतं, मालकाने बोलावलं तरी. याचा अर्थ तुमच्यावरचं प्रेम कमी झालं किंवा ते तुम्हाला विसरलं असा अजिबात घेऊ नका, आमच्याकडे रडत फोन करणारे निम्मे लोक हेच म्हणतात आणि आम्हाला फार वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हरवलेल्या १२१० मांजरांच्या माहितीवर एक अभ्यास छापला होता, त्यात फक्त घरात राहणाऱ्या आणि नंतर सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरं १३७ मीटरच्या आत होती. १३७ मीटर म्हणजे किती, तर मोठ्या सोसायटीच्या एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत. आणि त्याच अभ्यासात असंही दिसलं की जे लोक स्वतः नीट जागा तपासून शोधतात त्यांना मांजर जिवंत सापडायची शक्यता जास्त असते. म्हणजे पोस्ट टाकून फोनची वाट बघत बसू नका, टॉर्च घ्या आणि खाली वाका.

पहिला तास

आधी घर बघा, खरंच. बेडच्या बॉक्समध्ये, वॉशिंग मशीनच्या मागे, माळ्यावर, सोफ्याचं खालचं कापड फाटलं असेल तर त्याच्या आत, उघड्या राहिलेल्या कपाटात. बाहेर गेलं म्हणून सगळी सोसायटी गोळा केली आणि मांजर गाद्यांच्या चळतीत झोपलेलं होतं असं आम्ही दोनदा बघितलंय.

घरात नसेल तर ते कुठून गेलं ते ठरवा. दारातून गेलं असेल तर जिना, आणि इथे लोक चुकतात, सगळे खालीच पळतात. घाबरलेलं मांजर वरही जातं. गच्चीच्या दारापाशी, लिफ्टच्या मशीन रूमबाहेर, पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या फटीत बघा. प्रत्येक मजल्यावरचे चपलांचे स्टँड, कुंड्या, उभ्या केलेल्या सायकली, सगळ्याच्या मागे बघा, नुसती नजर टाकू नका.

खिडकीतून किंवा बाल्कनीतून गेलं असेल तर मात्र वेळ घालवू नका, थेट त्या खिडकीच्या खाली जा. मांजर उंचावरून पडलं तरी पायावर उतरतं आणि त्याला काही होत नाही हा गैरसमज आहे, हनुवटी, टाळू, छाती, पाय यांना मार बसतो, आणि मार लागलेलं मांजर जवळच्या पहिल्या आडोशाला शिरतं. झुडपं, डक्टचा तळ, खालच्या मजल्यावरचे सज्जे, पत्र्याची शेड, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे. सापडलं आणि वरवर ठीक दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आतला मार बाहेरून दिसत नाही.

पार्किंगला सगळ्यात जास्त वेळ द्या. झाकण घातलेल्या, महिनोन्महिने न हललेल्या गाड्या असतात ना, त्यांच्या खाली आणि झाकणाच्या आत. स्कूटरच्या रांगेमागे, मीटर रूम, पंप रूम, जनरेटरच्या मागे, वॉचमनच्या केबिनखाली. बॉनेटच्या आत सुद्धा मांजर चढून बसतं, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर लगेच एक मेसेज टाका की सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि जरा थांबा. हा मेसेज हरवल्याच्या मेसेजपेक्षाही आधी टाका असं आमचं म्हणणं आहे.

शेजाऱ्यांना "आमचं मांजर दिसलं का" असं विचारू नका. नाही असं उत्तर येतं आणि दार बंद होतं. दिसणार कसं, ते लपलंय. "काका, तुमच्या बाल्कनीत आणि गॅलरीतल्या त्या खोक्यांमागे मी स्वतः दोन मिनिटं बघू का" असं विचारा. बंद फ्लॅट, गोडाऊन, दुकानाचं शटर हे तर नक्की उघडून घ्या, कारण मांजर शिरतं, माणूस कुलूप लावून गावाला जातो आणि आठवडाभर कोणाला कळत नाही.

रात्रीचं शोधणं

दिवसा गाड्या, मुलं, कुत्री, झाडूचे आवाज यात ते हलणार नाही. रात्री १ ते पहाटे ४ हा खरा वेळ. एकटे जा किंवा दोघं जा, सगळं कुटुंब नको, आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा नाहीतर तुमच्याच मागे शिट्टी वाजवत येईल. चांगला टॉर्च घ्या आणि तो आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, कपाळाजवळ धरा, कमरेजवळ नाही. मांजराच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा पडदा असतो, उजेड त्याच्यावर पडून सरळ तुमच्याकडे परत येतो, त्यामुळे अंगाचा केसही दिसत नसला तरी दोन हिरवट पिवळे ठिपके चमकतात. काळ्या मांजराला तर हाच एक उपाय. हळू चाला, थांबा, कानोसा घ्या.

हाक मारायची तर घरी मारता तशी, जेवायला बोलावता त्या आवाजात. रडवेल्या चढ्या आवाजात ओरडलात तर ते अजून आत सरकेल. त्यापेक्षा एका जागी जमिनीवर बसा आणि साधं बोला, फोनवर आईशी बोलतो तसं. खाऊच्या डब्याचा आवाज करा. अर्धा तास बसायची तयारी ठेवा, आमच्या अनुभवाने सांगतो की पहिल्या वीस मिनिटात काहीच होत नाही आणि मग कुठूनतरी एक बारीक आवाज येतो.

खाऊ, पावडर, पिंजरा

वासाचं खाणं ठेवा, उकडलेला बांगडा, सुकट, ट्यूनाचा डबा. कोरडं खाणं नेहमीचं असलं तरी त्याचा वास लांब जात नाही. जिथून गेलं तिथेच, दाराजवळ ठेवा आणि शक्य असेल तर रात्री दार थोडं किलकिलं ठेवून तिथेच कोणीतरी गादी टाकून झोपा. तुमचा वापरलेला टीशर्ट, त्याची झोपायची चादर बाहेर ठेवली तरी चालेल. त्याची घाण केलेली वाळू बाहेर ठेवा असं बरेच जण सांगतात, आम्ही सांगत नाही, कारण त्या वासाला बाहेरचे बोके येतात आणि तुमचं घाबरलेलं मांजर त्यांच्या भीतीने अजून आत जातं.

खाणं संपतंय पण खातंय कोण हे कळत नसेल तर ताटलीभोवती फरशीवर टाल्कम पावडर किंवा गव्हाचं पीठ पातळ पसरा, सकाळी पावलं दिसतात, कुत्र्याच्या पावलात नखांचे ठसे उठतात, मांजराच्या सहसा नाही. जुना फोन कॅमेरा चालू करून ठेवता आला तर उत्तमच. आणि सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पहिल्याच दिवशी मागा, बऱ्याच ठिकाणी जुनं आपोआप पुसलं जातं.

जागा कळली पण मांजर हाताला येत नसेल तर पिंजरा. दोन पिंजरे आमच्याकडे आहेत, ग्राहकांना फुकट देतो. पिंजऱ्यावर जाड चादर टाका म्हणजे आडोसा वाटतो, खाणं अगदी मागच्या टोकाला ठेवा, आणि पिंजरा लावून घरी जाऊन झोपू नका, लांबून लक्ष ठेवा. उन्हात तर कधीच सोडू नका. दुसरं मांजर अडकलं तर लगेच सोडून द्या आणि पुन्हा लावा, तीन चार रात्री असं चालतं, कंटाळू नका.

पोस्टर आणि फोन

पोस्टर कमी शब्दांचं करा. मोठा फोटो, "मांजर हरवलंय", नंबर, आणि एक ओळ अशी की "दिसलं तर पकडायला जाऊ नका, फोटो काढा आणि फोन करा". ही ओळ विसरू नका, कारण चांगल्या मनाची मुलं मागे धावतात आणि जवळ असलेलं मांजर रस्त्याच्या पलीकडे जातं. मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा. वॉचमन, कचरा गोळा करणाऱ्या मावशी, पहाटेचा दूधवाला, पेपरवाला, आणि गल्लीत रात्री मांजरांना खायला घालणारी जी ताई असते ती, या लोकांना स्वतः भेटा. हे पहाटे बाहेर असतात, शंभर शेअरपेक्षा यांचे चार डोळे जास्त कामाचे.

पोस्टवर मांजराची एक खूण मुद्दाम लिहू नका, पोटावरचा डाग, शेपटीची गाठ, काहीही. फोन करून "मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" म्हणणारे आहेत. ती खूण विचारा, व्हिडिओ मागा, हातात मांजर येईपर्यंत एक रुपया पाठवू नका.

दिसलं की

पळू नका, वाकून हात पुढे करू नका. खाली बसा, थोडं तिरकं, डोळे हळूच मिटा उघडा. खाणं तुमच्या जवळ सरकवत आणा. पकडलं की सरळ बास्केटमध्ये, वर टॉवेल. कडेवर घेऊन घरापर्यंत चालत जायचं नाही, एखाद्या स्कूटरचा हॉर्न वाजला की ते तुम्हाला ओरबाडून पुन्हा निसटतं आणि दुसऱ्यांदा पकडणं फार अवघड जातं. बास्केट नसेल तर उशीचा अभ्रा वापरा, घरापर्यंत पुरतो. चावलं किंवा बोचकारलं तर, घरचं मांजर असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा, रेबीजच्या बाबतीत आम्ही कोणाला "चालतंय" म्हणत नाही.

घरी आल्यावर एका शांत खोलीत पाणी, थोडं थोडं खाणं, वाळू. एकदम वाटीभर देऊ नका. दोन तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, म्हणून घरी येऊनही खात नसेल तर "दमलंय" म्हणून थांबू नका, डॉक्टरकडे जा. गोचिडी, पिसवा, जखमा तपासून घ्या. घरात दुसरं मांजर असेल तर ते यालाच फिस्कारेल, बाहेरचा वास असतो अंगाला, एक दोन दिवस वेगळे ठेवा.

आमच्याकडे ठेवायला देताना एवढं मात्र करा. पूर्ण अंगाचा, बाजूने काढलेला एक स्पष्ट फोटो आणि खुणा पाठवून ठेवा. नसबंदी झालेली नसेल तर तसं सांगा, कारण माजावर आलेलं मांजर दार उघडायचीच वाट बघत असतं आणि लांबही जातं. कातडीखाली मायक्रोचिप बसवून घ्या, त्यात १५ आकडी नंबर असतो, पण चिप म्हणजे जीपीएस नाही, कोणी मशीनने वाचली तरच उपयोग, आणि त्या नंबरपुढे तुमचा चालू फोन नंबर नोंदलेला असायला हवा. घर बदलताना, रंगकाम, एसीचा माणूस येताना, गणपतीत ढोल सुरू झाले की आणि दिवाळीच्या चार रात्री मांजर आतल्या खोलीत, दार बंद, दारावर चिठ्ठी.

पिंजरा हवा असेल तर पत्रकाच्या मागे लिहिलेल्या नंबरवर कधीही फोन करा, रात्री दोनला केला तरी आम्ही उचलतो. जवळपास राहत असाल तर आमच्यातली एक जण टॉर्च घेऊन येईल, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.