स्तनातली गाठ: टीबीची की ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसची?

बाळंतपणाला दोन-तीन वर्षं झालेली, बाळाचं दूध सुटलेलं, आणि अचानक एका स्तनात टणक, दुखरी गाठ हाताला लागते. वरची कातडी लालसर होते, पू धरतो, गाठ फुटून वाहू लागते. एक तोंड बुजतंय तोवर शेजारी दुसरं उघडतं. पहिली भीती अर्थातच कॅन्सरची. सोनोग्राफी-मॅमोग्राफीने ती जातेच असं नाही, म्हणून बायॉप्सी होते. रिपोर्टमध्ये कॅन्सर नसतो, ग्रॅन्युलोमा असतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचे छोटे पुंजके. घोळ खरा इथून सुरू होतो, कारण असा रिपोर्ट दोन वेगळ्या आजारांत येऊ शकतो: स्तनाचा टीबी आणि इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (नेमकं कारण ठाऊक नसलेली, ग्रॅन्युलोमा असलेली स्तनाची सूज), थोडक्यात आयजीएम.

टीबीचं कारण सांगायला एक ओळ पुरते. जंतू ठाऊक आहे, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने तो 1882 मध्येच दाखवला. स्तनात तो बहुधा काखेतल्या लसिका गाठींमधून उलटा उतरतो, कधी रक्तातून येतो, कधी बरगडीतून किंवा फुफ्फुसाच्या आवरणातून सरळ पसरतो.

आयजीएमला असा एक गुन्हेगार नाही, संशयित मात्र बरेच आहेत. 1972 मध्ये केसलर आणि वोलोक यांनी या आजाराचं वेगळं वर्णन केलं, तेव्हापासून यादी वाढतेच आहे. सर्वांत पटणारी मांडणी अशी: दूध तयार करणाऱ्या खंडिकांच्या नळ्यांना कुठेतरी इजा होते, आतला स्राव आजूबाजूच्या ऊतीत झिरपतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते. बहुतेक रुग्ण मुलं झालेल्या तरुण बायका का असतात, हे यातून कळतं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, वाढलेलं असताना हा आजार दिसतो, तेही यात बसतं. प्रोलॅक्टिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे वाढतं, तसं रिस्पेरिडोनसारख्या मानसोपचारातल्या गोळ्यांमुळेही. म्हणून कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते सर्जनला आवर्जून सांगावं. विचारायचं राहून जाऊ शकतं. काहींना याच सुमारास पायांवर लाल, दुखऱ्या गाठी येतात, सांधे सुजतात, आणि स्टेरॉइडने सूज उतरते. त्यावरून शरीर स्वतःवरच उलटलं असावं असा तर्क निघतो.

अलीकडे सगळ्यात जास्त चर्चा एका जंतूची आहे: कोरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेटी. हा चरबीवर पोसतो, आणि स्तनात चरबीला तोटा नाही. काही तुकड्यांत ग्रॅन्युलोमाच्या मधोमध रिकाम्या गोल पोकळ्या दिसतात, भोवती न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची कड, आणि नीट शोधलं तर पोकळीत चारदोन दंडाकृती जंतू. मात्र तो मूळ कारण आहे की आधीच बिघडलेल्या जागी घुसलेला उपरा, यावर एकमत नाही. मला तरी सगळ्या रुग्णांचं कारण एकच असेल असं वाटत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आयजीएम होतो, हा आरोप मात्र फार कच्चा आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली नियम सोपा वाटतो. टीबीत ग्रॅन्युलोमाचा मधला भाग मरून भुसभुशीत होतो. आयजीएममध्ये तसं होत नाही आणि ग्रॅन्युलोमा खंडिकांना धरून असतात. पण टीबीतही प्रत्येक वेळी तो भुसभुशीतपणा सापडत नाही. स्तनात टीबीचे जंतू इतके विरळ असतात की स्टेन (जंतू दिसावेत म्हणून तुकड्याला दिलेला रंग) निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही, असं म्हणता येत नाही. कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि जनुकीय चाचणी करावीच लागते.

नेमकी इथेच एक साधी गोष्ट हुकते. काढलेले सगळे तुकडे फॉर्मेलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीत जातात. पॅथॉलॉजिस्टला तेच हवं असतं, पण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होत नाही. किमान एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवायला हवा, आणि हे सुई टोचण्याआधीच बोलून घ्यायला हवं.

निदान चुकलं तर ते महागात पडतं. टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं, तर जंतूला मोकळं रान मिळतं. आयजीएम असताना टीबीच्या गोळ्या दिल्या, तर किमान 6 महिने यकृताला उगाच त्रास. त्यातून आयजीएम काही महिन्यांत आपोआपही ओसरू शकतो. त्यामुळे टीबीच्या गोळ्यांवर गाठ विरली, एवढ्यावरून ती टीबीचीच होती असं ठरत नाही.