अ‍ॅथलेटिक क्लब (बिल्बाओ)

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातील बिल्बाओ शहराचा व्यावसायिक फुटबॉल संघ. स्पेनमधील सर्वांत जुन्या संघांत त्याची गणना होते. बास्क भूमीत जन्मलेल्या किंवा तेथेच फुटबॉलचे शिक्षण घेतलेल्या खेळाडूंनाच संघात घ्यायचे, हा दंडक त्याने शंभरहून अधिक वर्षे पाळला आहे. बाहेरच्या जगात ‘अ‍ॅथलेटिक बिल्बाओ’ हे नाव रूढ असले, तरी अधिकृत नावात शहराचा उल्लेख नाही. स्पॅनिश लीग १९२९ मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्या श्रेणीतून कधीही खाली न घसरलेले संघ तीनच : रेआल माद्रिद, बार्सेलोना आणि अ‍ॅथलेटिक. लीगची आठ विजेतेपदे अ‍ॅथलेटिकच्या नावावर आहेत. राजचषकांच्या (कोपा देल रे) संख्येबाबत मात्र मतभेद असून त्याचा विचार पुढे केला आहे.

पार्श्वभूमी : स्पेनच्या राजगादीच्या वारशावरून पेटलेले तिसरे कार्लिस्ट युद्ध १८७६ मध्ये संपल्यावर बिस्काया प्रांतातील लोहखनिजाची निर्यात झपाट्याने वाढली. या खनिजात फॉस्फरसचे प्रमाण अत्यल्प असल्याने बेसेमर पद्धतीच्या पोलादनिर्मितीसाठी ब्रिटिश कारखान्यांना ते हवे होते. नेर्व्हिओन नदीच्या मुखातून खनिज भरून गेलेली जहाजे परतताना कोळसा आणीत, आणि त्यांच्याबरोबर खलाशी, अभियंते व कुशल कारागीरही येत. या इंग्रज वसाहतीने नदीकाठच्या लामियाको येथील मोकळ्या मैदानावर फुटबॉल सुरू केला. तेथे मे १८९४ मध्ये इंग्रज रहिवासी व स्थानिक तरुण यांच्यात झालेला सामना बिल्बाओतील फुटबॉलच्या इतिहासाचा आरंभबिंदू मानला जातो. त्यात स्थानिकांचा मोठा पराभव झाला. दुसऱ्या बाजूने, सधन बास्क घराण्यांतील मुले शिक्षणासाठी इंग्लंडला जात व हा खेळ शिकून परतत. संघाच्या स्थापनेत या दोन्ही प्रवाहांचा वाटा आहे. काही लेखक इंग्रज कामगारांवर भर देतात, काही परतलेल्या विद्यार्थ्यांवर. परंतु आरंभीच्या सभासदांत स्थानिक सुखवस्तू घरांतील तरुणांचे प्रमाण पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्थापनावर्षाचा वाद : संघ स्वतः १८९८ हे आपले स्थापनावर्ष मानतो. शताब्दीचा उत्सव १९९८ मध्ये झाला आणि त्यानिमित्त सान मामेस मैदानावर ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाशी झालेला सामना १–१ असा बरोबरीत सुटला. या मताचा आधार असा, की सामाकोइस व्यायामशाळेत जमणाऱ्या तरुणांनी, ज्यांत हुआन आस्तोर्किया प्रमुख होते, त्या सुमारास फुटबॉल खेळण्यासाठी एक गट बांधला. परंतु या गटाला नियमावली नव्हती, नोंदणी नव्हती आणि अ‍ॅथलेटिक हे नाव तेव्हाच ठरले होते असेही खात्रीने म्हणता येत नाही. कागदोपत्री पुरावा सुरू होतो तो १९०१ पासून. त्या वर्षी गार्सिया नावाच्या कॅफेत बैठका झाल्या, ३३ सभासदांनी नियमावली स्वीकारली व ती प्रांताच्या शासकांकडे सादर झाली. लुईस मार्केस हे पहिले अध्यक्ष. संस्थापक सभासदांत आल्फ्रेड मिल्स या इंग्रजाचाही समावेश होता.

तिसरे मत १९०३ कडे झुकते. शहरात १९०० च्या सुमारास बिल्बाओ फुटबॉल क्लब हा दुसरा संघ निघाला होता. दोन्ही संघ लामियाकोवर एकमेकांविरुद्ध खेळत. पुढे बिल्बाओ फुटबॉल क्लब बंद पडून त्याचे सभासद १९०३ मध्ये अ‍ॅथलेटिकमध्ये आले. या विलीनीकरणातूनच आजचा संघ उभा राहिला, असे मानणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तरीही संस्था म्हणून सलग अस्तित्व पाहिले, तर १९०१ हे वर्ष सर्वांत भक्कम ठरते. १८९८ हे संघाच्या परंपरेने स्वीकारलेले वर्ष म्हणून नोंदवावे, इतकेच.

१९०२ चा चषक : राजा तेरावा आल्फोन्सो याच्या राज्यारोहणानिमित्त मे १९०२ मध्ये माद्रिद येथे एक स्पर्धा भरली. वर उल्लेखिलेल्या दोन्ही बिल्बाओ संघांनी ‘बिस्काया’ या नावाने एकत्र चमू पाठविला आणि त्याने अंतिम सामन्यात बार्सेलोनाला २–१ असे हरविले. विजयी चमूत अनेक ब्रिटिश खेळाडू होते. तो चषक आज अ‍ॅथलेटिकच्या संग्रहालयात आहे आणि संघ तो आपल्या विजयांत मोजतो. स्पॅनिश फुटबॉल महासंघ मात्र ही स्पर्धा राजचषकाच्या मालिकेत धरत नाही. त्यामुळे २०२४ च्या विजयानंतर महासंघाच्या हिशेबाने चोवीस आणि संघाच्या हिशेबाने पंचवीस चषक होतात. राजचषकाची पहिली अधिकृत स्पर्धा १९०३ ची. तीही अ‍ॅथलेटिकनेच माद्रिदला ३–२ असे हरवून जिंकली. त्या विजयाने भारावलेल्या, माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी २६ एप्रिल १९०३ रोजी तेथे एक शाखा काढली. पुढे स्वतंत्र झालेली ही शाखा म्हणजेच आजचा आत्लेतिको माद्रिद संघ.

पोशाख : आरंभीच्या वर्षांत संघ इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सप्रमाणे अर्धा निळा, अर्धा पांढरा सदरा वापरी. तांबडे-पांढरे उभे पट्टे १९१० मध्ये आले. त्यामागची प्रचलित हकिकत अशी : माद्रिदच्या शाखेशी संबंधित हुआन एलोर्दुय हे १९०९ च्या अखेरीस इंग्लंडला गेले असता त्यांच्यावर निळे-पांढरे सदरे आणण्याचे काम सोपविले होते. पुरेसे सदरे मिळेनात, तेव्हा परतीच्या जहाजाची वाट पाहताना साउदॅम्प्टन बंदरातून त्यांनी तेथील संघाचे पन्नास तांबडे-पांढरे सदरे घेतले. बिल्बाओ शहराचे रंगही हेच असल्याने ते लगेच स्वीकारले गेले, आणि काही सदरे माद्रिदला गेले. माद्रिदच्या संघाने जुनी निळी विजार कायम ठेवली. बिल्बाओत काळी विजार आली. हे पट्टे सन्डरलंडच्या संघावरून घेतले, असेही एक मत आहे. बिल्बाओशी व्यापार असलेल्या उत्तर इंग्लंडकडे पाहता ते अशक्य नाही, पण दोन्ही संघांच्या पोशाखांचा एकत्रित उलगडा साउदॅम्प्टनच्या हकिकतीनेच होतो. एकाच संघाकडून आयुष्यभर खेळलेल्या परक्या संघांच्या खेळाडूंसाठी अ‍ॅथलेटिकने २०१५ मध्ये सुरू केलेला पुरस्कार पहिल्यांदा साउदॅम्प्टनच्या मॅथ्यू ल टिसिए यांना देण्यात आला.

सान मामेस : संघाचे मैदान २१ ऑगस्ट १९१३ रोजी रासिंग दे इरून संघाविरुद्धच्या सामन्याने खुले झाले. जवळच्या अनाथाश्रमातील संत मामेस यांच्या प्रार्थनास्थळावरून त्याला नाव मिळाले. हा ख्रिस्ती हुतात्मा सिंहांपुढे टाकला गेला असता सिंहांनी त्याला इजा केली नाही, अशी आख्यायिका आहे. त्यावरून खेळाडूंना ‘सिंह’ म्हणतात. मैदानाला ‘कॅथीड्रल’ हे नाव आहे. पहिला गोल राफाएल मोरेनो आरान्सादी (१८९२–१९२२) यांनी केला. ते ‘पिचिची’ या टोपणनावाने प्रसिद्ध असून विचारवंत मिगेल दे उनामुनो यांचे नात्याने पुतणे लागत. १९१५ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी तीन गोल केले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या स्पॅनिश संघातही ते होते. वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मैदानावर त्यांचा अर्धपुतळा आहे. पहिल्यांदा येथे खेळायला येणाऱ्या संघाचा कर्णधार त्याच्यापाशी फुले वाहतो. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला मिळणारा पारितोषिकही त्यांच्याच नावाचा आहे. जुने मैदान २०१३ मध्ये पाडून लगतच नवे बांधण्यात आले. त्याची क्षमता सुमारे ५३,००० आहे.

खेळाडू निवडीचा दंडक : हा दंडक स्थापनेपासूनचा आहे, हा समज बरोबर नाही. पहिल्या दशकात इंग्रज खेळाडू संघाचा आधार होते. १९११ च्या चषक स्पर्धेत अ‍ॅथलेटिकने इंग्रज खेळाडू उतरविल्याबद्दल शेजारच्या सान सेबास्तियानच्या रेआल सोसिएदाद संघाने हरकत घेतली आणि स्पर्धा वादात सापडली. त्यानंतर परदेशी खेळाडूंवर बंधने आली. अ‍ॅथलेटिकने १९१२ पासून परदेशी खेळाडू घेणे थांबविले व ते पुन्हा कधीच सुरू केले नाही. काही अभ्यासक या निर्णयाच्या मुळाशी त्या काळी बळ धरू लागलेला बास्क राष्ट्रवाद पाहतात. संघाच्या कारभारात राष्ट्रवादी विचारांची घराणी होती हे खरे, आणि पुढे बास्क शासनाचे पहिले प्रमुख झालेले होसे आंतोनियो आगिरे हे तरुणपणी अ‍ॅथलेटिककडून खेळले होते. तथापि तीच घराणी इंग्रजी रीतींची चाहती होती आणि संघाने इंग्रज प्रशिक्षक आणणे सोडले नाही. त्यामुळे सुरुवात एका स्पर्धेतील तंट्यातून झाली आणि तिला तत्त्वाचे रूप नंतर मिळाले, हा क्रम अधिक संभाव्य दिसतो.

दंडक संघाच्या घटनेत लिहिलेला नाही; तो संकेत आहे. त्याची व्याप्तीही काळानुसार वाढली. आधी भर बिस्कायाच्या मुलांवर होता, पुढे स्पेनमधील चारही बास्क प्रांत आले, आणि १९९६ मध्ये बिशेन्ते लिसारासू यांच्या रूपाने फ्रान्समधील बास्क प्रदेशाचा खेळाडू पहिल्यांदा आला. आता पिरेनीजच्या दोन्ही बाजूंचे सात प्रांत धरले जातात, आणि जन्म बाहेर झाला असला तरी खेळाडू येथील संघांत घडला असेल तर तो चालतो. एमेरिक लापोर्त हा फ्रान्समधील आजां येथे जन्मलेला, फेर्नांदो आमोरेबिएता हा व्हेनेझुएलात जन्मलेला. आईवडिलांचा वंश हा निकष नाही. इन्याकी विल्यम्स बिल्बाओत व त्याचा धाकटा भाऊ निको पाम्प्लोनात जन्मला. त्यांचे आईवडील घानाहून आलेले. इन्याकीने लीगचे सलग २५१ सामने खेळण्याचा विक्रम केला. तो घानाकडून खेळतो, तर निकोने स्पेनकडून खेळताना २०२४ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल केला.

यापूर्वीचे एक उदाहरण मात्र अस्वस्थ करणारे आहे. स्पॅनिश गिनीत जन्मलेले व बिल्बाओत वाढलेले मिगेल जोन्स यांना १९५० च्या दशकात संघाने घेतले नाही. ते पुढे आत्लेतिको माद्रिदकडून गाजले. कारण जन्मस्थानाचे की वर्णाचे, यावर आजही वाद होतो. आजच्या निकषांनुसार ते निर्विवाद पात्र ठरले असते. दंडकाचा दुसरा टीकाविषय म्हणजे शेजारच्या लहान-मोठ्या बास्क संघांतून खेळाडू ओढून नेणे. सतरा वर्षांच्या होसेबा एचेबेरियाला १९९५ मध्ये रेआल सोसिएदादकडून आणल्यावर दोन्ही संघांचे संबंध बराच काळ बिघडले. रेआल सोसिएदादनेही असाच दंडक पाळला होता. १९८९ मध्ये जॉन ऑल्ड्रिज या खेळाडूला घेऊन त्यांनी तो सोडला.

प्रशिक्षकांना हा दंडक लागू नाही. त्यांतील सर्वांत प्रभावी फ्रेड पेंटलंड. पहिल्या महायुद्धात जर्मनीतील रुहलेबेन छावणीत कैदेत राहिलेले हे इंग्रज प्रशिक्षक १९२२ मध्ये बिल्बाओत आले आणि लांब फटक्यांऐवजी छोट्या पासांचा खेळ त्यांनी रुजविला. मोठ्या विजयानंतर खेळाडू त्यांची गोल हॅट तुडवीत. त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत संघाने १९३० व १९३१ मध्ये लीग व चषक दोन्ही जिंकले, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये बार्सेलोनाला १२–१ असे हरविले. त्यात बाता या एकट्या खेळाडूचे सात गोल होते.

यादवी युद्ध व नंतर : युद्धाने हा बहर संपविला. संघातील अनेक खेळाडू १९३७ मध्ये बास्क निवड संघाबरोबर युरोप व अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. १९३९ नंतर नवोदितांना घेऊन संघ पुन्हा उभारावा लागला. परकी नावे वापरण्यास हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने मनाई केल्याने १९४१ पासून संघाला ‘आत्लेतिको दे बिल्बाओ’ म्हणवून घ्यावे लागले. मूळ नाव १९७२ मध्ये परत मिळाले. या काळातील थोर खेळाडू तेल्मो सारा. त्यांचा लीगमधील २५१ गोलांचा विक्रम २०१४ पर्यंत टिकला. माद्रिदच्या मैदानावर रेआल माद्रिदला २–० असे हरवून १९५८ चा चषक जिंकणाऱ्या संघाला ‘अकरा गावकरी’ हे नाव पडले, आणि ते अभिमानाने मिरविले गेले. गोलरक्षक होसे आंखेल इरिबार हे १९६२ ते १९८० या काळात ६१४ सामने खेळले. ५ डिसेंबर १९७६ रोजी सान सेबास्तियान येथे त्यांनी व रेआल सोसिएदादचे कर्णधार कोर्ताबारिया यांनी तेव्हा बेकायदेशीर असलेला बास्क ध्वज हाती धरून मैदानात प्रवेश केला. पुढच्याच महिन्यात त्या ध्वजावरील बंदी उठली.

हाविएर क्लेमेन्ते यांच्या मार्गदर्शनाखाली १९८३ व १९८४ मध्ये लीग आणि १९८४ मध्ये चषकही मिळाला. तेव्हा विजयी संघाला ‘गाबारा’ या सपाट मालवाहू नावेतून नदीत मिरविले गेले. त्यानंतर मोठ्या विजयासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली : चषकाच्या अंतिम सामन्यांत १९८५, २००९, २०१२, २०१५ आणि २०२१ मध्ये दोनदा पराभव झाला; २०१२ च्या युरोपा लीगचा अंतिम सामनाही गेला. ६ एप्रिल २०२४ रोजी सेव्हिल येथे मायोर्काला पेनल्टींवर हरवून चाळीस वर्षांनी चषक आला आणि नाव पुन्हा नदीत उतरली.

मालकी व इतर संघ : क्रीडासंघांच्या कंपन्या करण्याच्या १९९० च्या कायद्यातून सूट मिळालेल्या चार संघांपैकी अ‍ॅथलेटिक एक असून तो सभासदांच्या मालकीचा आहे. लेझामा येथील प्रशिक्षण केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. महिला संघ २००२ पासून खेळतो; त्याने पाच वेळा लीग जिंकली, शेवटची २०१६ मध्ये. जानेवारी २०१९ मध्ये आत्लेतिको माद्रिदविरुद्धच्या त्याच्या चषक सामन्याला सान मामेसवर ४८,१२१ प्रेक्षक होते.