कपाट विषयवार, सूची अकारविल्हे

ग्रंथालय लावून द्यायला आम्ही येतो तेव्हा बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हेच सांगतात : ‘सगळी पुस्तके अकारविल्हे लावा.’ कपाटात आम्ही तसे करत नाही. का, ते काम सुरू होण्याआधीच तुम्हाला कळावे म्हणून हे पत्रक.

कपाट नुसत्या विषयांच्या नावांवरून लावले, तर गणित ‘ग’मध्ये जाते, बीजगणित ‘ब’मध्ये आणि भूमिती ‘भ’मध्ये. गणिताच्या शेजारी गवते येऊन बसतात. वाचकाला एक पुस्तक काढताना त्याच विषयाची आणखी चार दिसावीत, यासाठीच तर कपाट असते. म्हणून आम्ही अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धत वापरतो. तिच्यात प्रत्येक विषयाला एक क्रमांक, म्हणजे वर्गांक, असतो : गणित ५१०, बीजगणित ५१२, भूमिती ५१६ आणि लगेच पुढे ५२० ला खगोलशास्त्र. एका वर्गांकाच्या आत मात्र पुस्तके लेखकाच्या आडनावाने अकारविल्हे लागतात. पाठीवरच्या चिठ्ठीवर वर ५१६ आणि खाली ‘कुल’ असेल, तर ते ‘कुल’ने सुरू होणाऱ्या आडनावाच्या लेखकाचे भूमितीचे पुस्तक.

पण वर्गांकही सगळे एकत्र आणत नाहीत. मधमाशी घ्या. तिच्या शरीररचनेचे पुस्तक प्राणिशास्त्रात, ५९५.७९९ ला. मधमाशीपालनाचे शेतीच्या बाजूला, ६३८.१ ला. मध्ये कितीतरी फळ्या. दोन्ही जागा वाचकाला एकाच ठिकाणी सांगते ती अकारविल्हे विषयसूची : ‘म’ काढा, मधमाशी शोधा, दोन्ही क्रमांक समोर. ड्युई यांना हे पहिल्यापासून ठाऊक होते. १८७६ च्या त्यांच्या ४४ पानी पहिल्या आवृत्तीत वर्गांकांचे तक्ते १२ पानांचे आणि सूची १८ पानांची आहे. कोणी आम्हाला ‘सूची नको, नुसती चिठ्ठ्या लावलेली कपाटे द्या’ म्हटले, की आम्ही आग्रहाने नको म्हणतो.

सूचीत एका विषयाला एकच नाव ठेवतो. बाकीच्या नावांपुढे ‘पहा’ लिहितो : ‘मधुमक्षिकापालन : मधमाशीपालन पहा’. जवळच्या विषयासाठी ‘हेही पहा’. याला वेळ लागतो, कारण वाचक कोणता शब्द मनात धरून येईल हे आधी ताडावे लागते.

एक निर्णय आम्हाला तुमच्याकडून हवा आहे. काही कोश क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी ठेवतात, काही ‘क’ आणि ‘ज’ खाली. संगणकाला वेगळा क्रम सांगितला नसेल, तर तो क्ष हे जोडाक्षर धरून ‘क्षयरोग’ ‘ख’च्या आधी घेतो. तुमच्या वाचकांना कोणता क्रम सवयीचा आहे, ते पहिल्याच भेटीत सांगा. सूची छापून झाल्यावर हा क्रम बदलायचा तर ती पुन्हा छापावी लागते.