उझी माशी : छायाचित्रावरून ओळख

द्विपंखी गणाच्या टॅकिनिडी कुलातील, रेशीम अळीवर वाढणारी परजीवी माशी. शास्त्रीय नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. कुलात सुमारे 8,500 जातींची नोंद आहे. बंगालमध्ये ही माशी जुनी. कर्नाटकात ती 1980 च्या सुमारास पोहोचली. महाराष्ट्रातील तुती उत्पादकही तिला उझी माशीच म्हणतात.

‘उझी’ हा शब्द जपानी ‘उजी’ (माशीची अळी) यावरून आला असावा. कीटकशास्त्रज्ञ रोन्दानी यांनी जपानमधील रेशीम अळीवरच्या परजीवी माशीला दिलेल्या उजीमाया या प्रजातिनामातही तो दिसतो. मात्र ती माशी वेगळी. तिची सूक्ष्म अंडी तुतीच्या पानावर असतात व पानाबरोबर अळीच्या पोटात जातात. भारतीय उझी माशी रेशीम अळीच्या त्वचेवरच अंडे चिकटवते. जपानी वर्णने इथे लावली की घोटाळा होतो. भारतीय लेखनात ट्रायकोलायगा बॉम्बिसिस आणि एक्झोरिस्टा सॉर्बिलान्स (वीडेमान, 1830) ही नावेही आढळतात. लुई यांचे 1880 चे बॉम्बिसिस हे नाव अधिक ग्राह्य वाटते.

छायाचित्रात प्रथम नजरेत भरतात ते वक्षावरील चार काळे उभे पट्टे. त्यांवर विसंबू नये, घरमाशीलाही चारच असतात. (मांसमाशीला तीन.) पंखातील मधली शीर टोकाजवळ पुढे वळते, पण ती घरमाशीतही वळते. निर्णायक खूण बाजूने घेतलेल्या छायाचित्रातच मिळते : वक्षाच्या मागच्या टोकावरील त्रिकोणी ढालीखाली आणखी एक फुगीर उंचवटा. टॅकिनिडी कुलात तो ठळक असतो, घरमाशी व मांसमाशीत तसा नसतो. शृंगिकेवरील (डोक्यावरच्या स्पर्शिकेवरील) केसही पाहावा. घरमाशीत तो पिसासारखा, उझीत साधा असतो. उदरावरचे राठ केस उपयोगी पडतात, पण अंधूक चित्रात ते मोजता येत नाहीत.

एवढ्यावरून कूल निश्चित होते, जात नव्हे. जवळच्या जाती वेगळ्या करण्यासाठी नराची जननेंद्रिये तपासावी लागतात आणि ती छायाचित्रात सहसा दिसत नाहीत. त्यामुळे केवळ वरून टिपलेल्या माशीला बॉम्बिसिस म्हणणे धाडसाचे ठरते. संगोपनगृहात मात्र माशीपेक्षा रेशीम अळीचे चित्र अधिक बोलके असते : त्वचेवर मलईच्या रंगाचे अंडे, किंवा उझीची अळी आत शिरली त्या जागी उरलेला काळा डाग.